तोंडीलावणं

चियान सोडलं तेव्हा सात वाजले होते, तोवर एदुविना आत्यानं
मांडीवरचा लोंगानिसाचा पुडा उघडलाही होता.
"रिकाम्या पोटी घाट चढू नये," ती म्हणाली.
घाट अजून चाळीस किलोमीटर पुढे.

गाडी मी चालवते. म्हणजे प्यायचं नाही, थेंबभरही नाही,
पोलीस नळीत फुंकर मारायला लावतात.
बाबांना पिण्याची मुभा आहे, पण दोन वर्षांपूर्वीच्या तापानं
त्यांचं नाक नेलं.
तीस वर्षं ह्याच रस्त्यानं त्यांनी वाईनची पिंपं वाहिली,
आता पेट्रोल काय आणि पिकलेलं पीच काय.

म्हणून आमचं ठरलंय: मी हुंगायचं, त्यांनी प्यायचं.

धाकटा निबाल्दो सान्तियागोच्या हॉटेलात
काळा एप्रन बांधून पाहुण्यांना वाईन सुचवतो.
त्यानं वही आणलीय. वहीत रकाने.
पोर्तेसुएलो, बकरीचं चीज, मोस्कातेल, आठ अंशांवर.
आठ अंश!
आत्यानं ग्लासात बर्फाचा खडा टाकला, वर चमचाभर साखर,
आणि त्याच्याकडे बघत बघत ढवळलं.
निबाल्दोनं वही मिटली. पुन्हा उघडली.

"काय म्हणतेय?" बाबा ग्लास माझ्या नाकाशी धरतात.
संत्र्याची साल, मी सांगते.
"ओली की वाळलेली?"
वाळलेली. आणि नुकती इस्त्री केलेली उशीची खोळ.
"बरोबर." मग घोट.
मी पावती फाडली, त्यांनी माल उतरवून घेतला.

दुपारी कलिंगड, त्यावर भाजलेल्या गव्हाचं पीठ.
मोठ्यांसाठी तेच पीठ लाल वाईनमध्ये कालवून.
ह्यासाठी निबाल्दोच्या वहीत रकाना नव्हता.
त्याची सात वर्षांची आमांकाय
पिठाच्या मिशा घेऊन मागच्या सीटवर झोपली.

मग ग्वारिलीवेची टेकडी. उजवीकडे पाइन काळे,
डावीकडे पाइन काळे,
मधे क्लोदोमिरोच्या वेली, तारेच्या आधाराशिवाय उभ्या,
वरून कोळसा, बुडाशी चार हिरवी पानं.
त्यानं राखेत भाजलेली भाकर आणली, फडक्यानं झटकली,
आणि आगीच्या वर्षाची वाईन ओतली.
तेवढीच उरलीय, म्हणाला.

"काय म्हणतेय?"

धूर म्हणत होती. धूर, विझलेली सिगारेट,
दवाखान्यातली पट्टी.
क्लोदोमिरोचे दोन्ही हात टेबलावर होते,
एका बोटाला नख नव्हतं.
आलुबुखार, मी म्हटलं. थोडी ओली माती.
निबाल्दोनं माझ्याकडे पाहिलं आणि
खिशातलं पेन खिशातच राहू दिलं.

बाबा प्यायले. भाकरीचा करपलेला काठ मोडून चावला.
पुन्हा प्यायले.
आणि पाच लिटरचा बुधला विकत घेऊनच उठले,
पैसे न मोजता.

तीन वळणं गेल्यावर म्हणाले,
"नाक नाही मला. घसा आहे."
आणखी एका वळणानंतर, "पण भाकरीबरोबर चालत होती."

कोब्केकुराला पोचलो तेव्हा ऊन उतरलेलं.
समोरच्या खडकावर शेकडो समुद्रसिंह,
आणि त्यांचा असा दर्प की आत्यानं नाकाला पदरासारखी शाल लावली,
निबाल्दोनं ठेवणीतला हात रुमाल काढला,
आमांकाय ओरडत गाडीकडे पळाली.
बाबा एकटेच सगळ्यात पुढे जाऊन बसले,
लिंबू पिळून, शिंपल्यामागून शिंपला, निवांत.
"काय म्हणतोय समुद्र?" मागे न बघता विचारलं.
काही नाही, मी ओरडले. तुम्ही जेवा.

वहीप्रमाणे इथे एक महागडी पांढरी उघडायची होती.
बूच उघडायचं यंत्र चीजवालीच्या ओट्यावर राहिलं होतं.

रात्री मुक्काम. गाडीची किल्ली आत्याच्या पर्समध्ये टाकली
आणि बुधल्यातली अर्धा पेला घेतली,
दिवसभरात पहिल्यांदा गिळायला.
इतका ठसका लागला की डोळ्यांतून पाणी.

बाबांनी पाठ थोपटली नाही.
एक शिंपला माझ्यापुढे सरकवला.
"घे," म्हणाले, "तोंडी लाव."