रापण, इयत्ता दुसरी

पहिल्या दिवशी फळ्याला चित्र लावलं:
एक मासा, निळा, हसरा, पापण्यांसकट.
म्हटलं, धिस इज अ फिश. म्हणा.
कोणी म्हणेना.
नऊ पोरं चित्राकडे बघत राहिली,
आमच्या बाजारात खोंडाचे दात बघतात तशी.
मग मागच्या बाकावरून निशिगंधा कुबल:
"सर, खयचो मासो ह्यो?"

मला कुठे ठाऊक.
मी पाटोद्याकडचा. आमच्याकडे टँकर येतो.
समुद्र पाहिला तो नेमणुकीच्या पत्रानंतर.
म्हटलं, मासा म्हणजे मासा. फिश.
"म्हंजे बांगडो पण फिश, नि मोरी पण फिश?
नि तारली? नि लेपो?
इंग्रजांका मासे वळखूक येनत नाय काय?"

रात्री खोलीवर डी.एड.ची वही काढली.
मुलांच्या अनुभवविश्वातून शिकवावे,
लाल शाईत अधोरेखित.
पाच मार्कांना आलं होतं. मला साडेचार.

चित्र उतरवलं. पोरांना म्हटलं,
उद्या येताना मासे घेऊन या.
नको होतं म्हणायला.
आणले.
टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर वन, टू, थ्री,
बिग, स्मॉल, शायनी, वेट.
वेट सगळंच होतं, हजेरीपटसुद्धा.
ड्राय शिकवायला सुका जवळा मागवला.
पापलेटला पॉम्फ्रेट म्हणतात म्हटल्यावर
साईल खूश झाला:
"ह्येका आधीच येता इंग्रजी!"

प्रशिक्षणात सायमनचा खेळ शिकवला होता.
सायमन इथे कोणाच्याच ओळखीचा नाही.
मी त्याचा तांडेल केला.
तांडेल सेज, सिट. बसले.
तांडेल सेज, जंप. इतके उडाले
की पलीकडून तिसरीच्या बाई येऊन बघून गेल्या.
मग मी नुसतंच म्हटलं, रन!
एक पाय हलला नाही.
तांडेलाने सांगितल्याशिवाय होडीवर कोणी हलत नाही,
हे काही मी शिकवलेलं नव्हतं.

श्रावणात, दर्या बंद असताना,
पंधरा ऑगस्टच्या पताकांची सुतळी उरली होती.
बाकं सरकवून मधे समुद्र केला,
समुद्रात पुठ्ठ्याची कार्डं टाकली,
दोन्ही टोकांना पोरं.
पुल! म्हटलं की ओढायचं, स्टॉप! म्हटलं की थांबायचं,
जे कार्ड हाताला येईल ते वाचायचं.
'हजर' म्हणताना ज्याची जीभ अडकते
त्या साईलने सगळ्या वर्गाला 'पुल' घातला,
एका दमात, शिरा ताणून.
ऑक्स आलं, सन आलं, कप आलं.
त्यांनी ते परत टाकलं.
"पिल्लां हत, सर. सोडूया."
अंब्रेला ठेवलं. एलिफंट दोघांनी मिळून ओढलं.

डिसेंबरात केंद्रप्रमुख आले,
कपाटामागचं निळं चित्र त्यांनाच बरं सापडलं.
व्हॉट इज धिस?
निशिगंधा उभी राहिली, फ्रॉक खाली ओढला:
"नॉट फिश, सर. फिश हॅज नो पापण्या."
शेरेबुकात त्यांनी लिहिलं:
मुले धीट आहेत. वर्गास वास येतो.

बदलीचा अर्ज तेव्हा भरला होता मी.
अजून आहे तो कुठल्यातरी टेबलावर.

परवा रविवारी किनाऱ्यावर गेलो, चालायला म्हणून.
खरी रापण लागली होती.
अर्धी वाडी दोराला, बाया, म्हातारे, एक पोस्टमन.
कोणीतरी ओरडलं, ते मला समजलं नाही;
इतक्या दिवसांनी अजून घाईतलं मालवणी समजत नाही.
तेवढ्यात दोराच्या मधल्या अंगाला निशिगंधा दिसली:
"पुल, सर! पुल!"
चप्पल कुठे सुटली कळलं नाही.
टाचा वाळूत, हाताला काथ्या,
आणि पुढच्या माणसाची पाठ, घामाने वेट.
स्टॉप कोणी म्हणेचना.

जाळ्यात जेलीफिशच जास्त निघाले,
त्यांना पोरं काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.
बाकीचं वाळूवर ओतून वाटे घातले गेले,
एक एक वाटा, ओढलेल्या एक एक माणसाचा.
निशिगंधाने माझ्या ओंजळीत दोन बांगडे ठेवले.
मी म्हटलं, थँक्यू.
वर्गात पन्नासदा घोकून घेतलाय तो शब्द.
तिने माझ्याकडे पाहिलं,
पहिल्या दिवशी चित्राकडे पाहिलं होतं तसं.
"थँक्यू कित्याक, सर?
वाटो हा तुमचो."