एक ग्रॅम

जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात, रात्री पावणेतीनला
अंगठ्यानं निळं टोपण उडवते मी.
तळाशी पूड. पिठाचा डबा खरवडल्यावर
बोटांना लागते, तेवढीच.
पाणी सोडते, हलवते.
फेस चढतो. त्याला बसू द्यावं लागतं, घाई चालत नाही.
नाव सेफ्ट्रायॅक्सोन. आम्ही सेफ्ट्रीच म्हणतो,
माहेरवाशिणीला हाक मारावी तसं.

पोरगं बोरीचं. तीन वर्षांचं, वजन दहा किलो.
मान लाकूड झालेली, ट्यूब लावली की किंचाळतं.
डॉक्टर निखतनं मान उचलून बघितली,
तर गुडघे आपसूक पोटाशी आले.
ती म्हणाली, पाठीतलं पाणी परभणीला काढतील,
हे आत्ताच जाऊ दे.
अँब्युलन्स डिझेल भरायला गेलेली.

याला पेनिसिलिननं कधी काही झालंय?
द्वारका तो शब्द तोंडात घोळवते, गिळून टाकते.
"तसं नाय बाई. पर मागल्या साली
खाजगीत सुई दिली, तवा अंगभर गांधी उठल्या हुत्या."
कुठली सुई?
"पांढरी."
सगळ्याच पांढऱ्या असतात, द्वारकाबाई.

निखत क्षणभर खिडकीकडे बघते.
अंबाजोगाईहून येऊन तिला चारच महिने झालेत.
"कडं तेच आहे, सिस्टर, पण लोंबणारी साखळी वेगळी.
सहसा काही होत नाही. अॅड्रेनलिन भरून ठेवा."
ठेवते.
रिंगरची बाटली उतरवते, त्यात कॅल्शियम,
दोघं भेटले की खडा धरतात.
साधं सलाईन लावते. थेंब मोजते.

मग पोराचा सदरा वर करून
टॉर्च घेऊन बसते, अर्धा तास.
ट्रेनिंगला सांगितलं होतं,
कुठल्याशा बेटावर गटार समुद्राला मिळतं,
तिथलं पाणी आपोआप कसं निवळतं
असा प्रश्न पडला कुणाला,
आणि घाणीतल्या बुरशीत या औषधाचं मूळ सापडलं.
तेव्हा नाक मुरडलं होतं आम्ही सगळ्या पोरींनी.

मांडीवर लाल ठिपका!
काळजात चर्र.
डास चावलेला.

नऊ नंबरच्या खाटेवर गणी मामू जागेच.
टँकर चालवायचे. साखर, आणि पायाची जखम.
कालच त्यांचा रिपोर्ट आला,
खालपर्यंत नुसती आर, आर, आर.
सेफ्ट्रीसमोरही आर.
येलदरी फाट्यावरच्या मेडिकलातून
ताप आला की सेफिक्झिमच्या दोन गोळ्या,
उतरला की उरलेल्या खिशात.
कितीदा? "मोजतो कोण, सिस्टर."

आता कोपरावर उठून, तंबाखूच्या पुडीमागून
एक पत्ता काढतात, तीन गोळ्यांचा.
"लेकराला द्या. मला लागू पडल्या नाहीत,
त्याला पडतील."

काय बोलावं?
पत्ता घेतला, एप्रनच्या खिशात टाकला.
निळ्या टोपणाला लागून तो थोडा वाजला.

बाहेर गाडीचा दिवा फिरू लागला.
द्वारकानं पोराला उचललं, मी बाटली धरली,
आणि पायरीवर उभ्या उभ्या, गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून लिहिलं:
पहिला डोस, एक ग्रॅम, तीन वाजून पाच.
गांधी नाहीत.