घट

न्हाणीची भिंत ओली आहे, काका,
मुबीन सोलकर म्हणाला.
ओलीच असते, मी म्हटलं,
एकेचाळीस वर्षं तिला कोणी वाळू दिलेलं नाही.
त्याने ड्रिल लावलंच.
जांभ्याचा लाल भुगा उडाला
दोरीवरच्या टॉवेलवर.

निर्णय सुहासिनीचा.
मनगट मोडल्यापासून राख ओढणं होत नव्हतं,
आणि धुराने डोळे.
डोळ्यांचं डॉक्टरने सांगितलं, तिने नाही.
बघू बघू म्हणत मी दोन पावसाळे काढले.
तिसऱ्याला तिने विचारलंच नाही;
रत्नागिरीहून पूर्णगडला टेम्पोतून खोका आला,
माझी फक्त सही घेतली.

बंब पेटवणं माझं काम.
पाचला उठून दोन सोडणं, वर करवंट्या,
पातेऱ्याची मूठ, काडी एकच.
दुसरी लागली तर दिवस वाईट जातो
असं मी मानायचो. कोणाला बोललो नव्हतो.
तांबं आधी गप्प.
मग आत कुठेतरी बारीक सूं,
मग तोटीच्या नाकाशी एक थेंब.
आधी दोन्ही मुली, शाळेच्या घाईत,
मग मी, टपालाची पिशवी यायच्या आत,
शेवटी ती,
उरेल त्या कोमट पाण्यात.

राख काढणं तिचं.
ही वाटणी कधी झाली, कोणी केली,
पुष्कळ आठवून पाहिलं.

बंब पोटफोड्यांकडे नेला.
आडनावावरचा विनोद ते स्वतःच करतात,
म्हणून आपल्याला हसावं लागतं.
काटा सोळा किलोच्या जरा अलीकडे थांबला.
मी मनात गुणाकार करून टाकला.
थांबा, ते म्हणाले, आतलं धरता येत नाही.
छिन्नी लावली, दोन ठोके,
आणि खपल्या पडू लागल्या,
पिवळट पांढऱ्या, बोटभर जाड,
आत रेघेवर रेघ.
आमच्या विहिरीचा खार.

समुद्र घरापासून चारशे पावलं.
मी वरून मोजली होती,
त्याने खालून मोजली असणार.

घट दीड किलो.
तांब्याचे पैसे मिळाले, दगडाचे नाहीत,
ते रास्तच आहे.
नोटा मोजता मोजता पोटफोडे म्हणाले,
एवढा थर धरलेलं भांडं जळण फार खातं.
अर्धा जाळ तुमचा दगड तापवण्यात जात होता.

म्हणजे धूरही अर्धा.

एसटीत खिडकीशी बसलो.
खिशात एक खपली होती, का घेतली कोण जाणे.
घरी पैसे दिले, पावती दिली,
ते वाक्य दिलं नाही.

आता भिंतीवर पांढरी टाकी, पंचवीस लिटर.
मी पाचलाच उठतो.
बटण दाबायला वाकावं लागत नाही, फुंकावं लागत नाही.
लाल दिवा लागतो
आणि मी तिथेच उभा राहतो,
अजून काही घालायला लागेल म्हणून.
पडवीत सोडणांचा ढीग तसाच आहे,
त्यात मांजर व्यालीय,
तेव्हा तो हलवायचा प्रश्नही मिटला.

मुबीनने बजावून सांगितलंय,
खारं पाणी, काका, वर्षाला कॉइल साफ करावी लागणार,
नाहीतर हीपण दगड धरेल.
मी त्याच्याकडून शिकून घेतलं.
आधी मेन बंद, मग चार बोल्ट, एक रबरी चकती.
वहीत लिहून ठेवलंय
कार्तिकातल्या एका तारखेला,
काम: माझं.

हल्ली ती आधी जाते आंघोळीला.
दार लावून बराच वेळ.
पाणी पडत राहतं,
मी बाहेर टाकीचे लिटर मोजत राहतो,
तोंड उघडतो,
मिटतो.

परवा सदरा भिजवताना तिला खपली सापडली.
हे काय?
दगड आहे, मी म्हटलं. विहिरीतला.
तिने अंगठा फिरवून पाहिला,
उजेडात धरून रेघा पाहिल्या,
मला वाटलं आता विचारेल.

टाचा घासायला बरा आहे, म्हणाली,
आणि न्हाणीत घेऊन गेली.