खारी

नाव तिचं खारी.
कोपरखैरण्यात इलियासच्या बेकरीच्या फळीखाली
चुऱ्यावर वाढली, म्हणून.
आता तांडेलबाई म्हणतात, हिला मीठ बंद.
बिस्किट बंद. सुकटीचं तर नावच काढू नका.
मी मान हलवली,
आणि खारी नावाची कुत्री
दवाखान्याच्या टेबलावरून माझ्याकडे बघत राहिली,
जणू मीच कुठेतरी सही करून आलोय.

क्रिएटिनिन सहा पॉइंट आठ.
आकडे मला नवे नाहीत.
सव्वीस वर्षं पावणे एमआयडीसीत
पाण्याचे नमुने तपासले.
क्षार किती, गढूळपणा किती,
मर्यादेबाहेर गेलं की तांबड्या पेनाने गोल.
इथे गोल करून
द्यायचा कोणाच्या टेबलावर?

तिच्या तोंडाला वास येतो.
हेमांगी म्हणते, दात किडले असतील.
मी काही बोललो नाही.
तो वास अमोनियाचा.
एकदा व्हॉल्व्ह गळला तेव्हा
ओले रुमाल नाकाला धरून
गेटपर्यंत पळालो होतो आम्ही सगळे.
हिची गळती हिच्या आतच. पळणार कुठे?

मग घरातच मांडलं सगळं.
गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कप्पीला
हेमांगीच्या ओल्या गाऊनशेजारी
रिंगर लॅक्टेटची बाटली,
आधी कोमट पाण्यात धरून ठेवलेली.
खांद्यामागची कातडी चिमटीत घ्यायची,
तंबूसारखी वर उचलायची,
आणि तंबूच्या दारातून सुई.
पहिल्या दिवशी हात इतका कापला
की सुई या दारातून आत, त्या दारातून बाहेर.
निम्मं पाणी लादीवर.
खारी लगेच चाटायला गेली.
"बघा, सापडलंच हिला मीठ," हेमांगी म्हणाली,
आणि आम्ही हसलो,
मार्चनंतर पहिल्यांदा.

आता जमतं.
पाठीवर पाण्याचा उंचवटा येतो, उंटासारखा.
सकाळपर्यंत तो सरकून पायात उतरतो,
डावा जाड, उजवा बारीक,
अशीच ती नाक्यापर्यंत चालते,
प्रत्येक खांबाला थांबते,
बरीच कामं बाकी असल्यासारखी.

ओजस पुण्याहून विचारतो, "बाबा, किती?"
मी सांगतो, दीडशे मिली. रोज.
"ते नाही विचारलं."
ते नाही विचारलं, मला कळतं.

परवाचा रिपोर्ट पाच पॉइंट एक.
तांडेलबाई म्हणाल्या, खूश व्हा, पण बेताने.
बेताने खूश कसं होतात
ते बेकरीसमोर उभं राहून करून पाहिलं.
इलियासने सवयीने चुऱ्याची पुडी पुढे केली.
नको म्हणता आलं नाही.
खिशात ठेवली. अजून आहे.

काल रात्री वीज गेली होती.
सुई काढून कापूस दाबून बसलो होतो अंधारात.
कपाळाचा घाम मनगटावर उतरला.
तिने मान वळवली
आणि तो चाटायला लागली,
सावकाश, बोटांच्या बेचक्यांपर्यंत.
ती खरखरीत जीभ, तिच्यावरचे ते फोड.
हात मागे घ्यायला हवा होता.
किती मिलिग्रॅम गेले असतील पोटात,
हिशेब मांडता आला असता, आयुष्यभर तेच केलं.
नाही मांडला.
कापूस सोडला,
आणि दुसराही हात पुढे केला.