घासाचं माप

बिळात हात घालताना डल्सी डोळे मिटत नाही,
दुसरीकडे बघते. समुद्राकडे, नाहीतर
माझ्या बुटांकडे.
खांद्यापर्यंत हात जमिनीत, गाल गवताला टेकलेला,
आणि तोंडाने हवामानाच्या गप्पा चालू.

"ऊब लागली तर पिल्लू," ती सांगते.
"गार लागलं तर झटका द्यायचा नाही.
झोपल्या बाळाच्या मानेखालून काढतो
तसा काढायचा हात."

जानेवारीत मटनबर्डची पिल्लं फुटतात,
मुठीत मावतील असे राखाडी गोळे.
तेव्हा बेट सापाचं.
वावभर लांब, काळाकुट्ट.
टास्मानियातल्या त्याच्या भाऊबंदांकडे
अंगावर पट्टे आहेत, डबक्यात बेडूक आहेत.
याच्याकडे फक्त हे पाच-सहा आठवडे.
बिळामागून बीळ.
आईबाप तेव्हा दूर पाण्यावर,
त्याच पिल्लासाठी पोट भरून घेत.

पण पिल्लू तेल पितं, फुगतं.
मार्चच्या तोंडाशी कधीतरी
साप आत शिरतो, जबडा सैल करतो,
माप घेतो
आणि तसाच माघारी वळतो.
पुढे वर्षभर एखादा उंदीर, नाहीतर
अंगातली चरबी आणि खडकावरचं ऊन.
त्याची पोरं तोवर बोटभर सरड्यांवर,
तोंड मोठं व्हायची वाट बघत.
बहुतेकींची वाट अर्ध्यातच संपते.

गेल्या हंगामात एक सापडला,
दोन्ही डोळे पक्ष्यांनी फोडलेले, जखमा जुन्या,
आणि अंगाने चांगला भरलेला.
हर्बर्टने काठी उचलली.
"राहू दे," डल्सी म्हणाली,
"तोही न बघताच पोट भरतो."

मार्च सरताना होड्या लागतात.
शेडमध्ये चूल पेटते, मिठाची पिंपं उघडतात,
चोचींतून ओवलेले पक्षी काठीवर टांगून
पोरं चढण उतरतात, पाठीवर तेल ओघळतं.
डल्सीच्या पणजीच्याही आधीपासून
हे असंच:
त्याच्या तोंडात मावेना ते आपलं.

आज माझी पाळी.
कोपरापर्यंत ओली माती. मुळं.
एक पीस, बहुतेक.
"अजून आत," ती म्हणते. "आणि बोलत राहा."

मी म्हणतो,
वारा पश्चिमेचा दिसतोय.