निघालं, उतरलं

तक्त्यात लिहिलंय : वाड्सो ते शिर्कनेस,
हवेतून चाळीसेक किलोमीटर, वेळ पंधरा मिनिटं.
तक्ता खोटा नाही.
पण पंधरातली सहा चढायला, सहा उतरायला,
मधल्या तिनात फ्योर्डचं काळं पाणी
आणि कुणाची तरी शिंक.

मी गुनवर. खिडकीत तिकीट बघणारी मीच,
मग पिवळं जाकीट चढवून बॅगा ढकलणारी मीच,
पंखांवरचं बर्फ फवाऱ्यानं उतरवणारीही.
(नवखे विचारतात, तुमची जुळी बहीण इथंच असते का?)

विमानाचा दिवा ढगात विझला
की मी फोन उचलते : "निघालं."
पलीकडून आन्सगार : "बरं."
मग कॉफी ओतायची.
ती पिण्याजोगी निवते तोवर फोन खणखणतो,
"उतरलं."

एकोणीस वर्षं. दिवसातून चारदा.
धुक्याचे दिवस वजा करा, संपाचे, माझ्या बाळंतपणाचे,
तरी आकडा हजारांत जातो.
इतकं तर मी नवऱ्याशीही बोलले नाही,
तो होता तेव्हा.

आन्सगारला पाहिलं मात्र कधीच नव्हतं.
विमान उडतं तेव्हा मी जमिनीवर लागते,
टेकतं तेव्हा तो लागतो.
एका दोरीच्या दोन खुंट्या आम्ही;
खुंटी खुंटीकडे चालत गेली
तर वाळत घातलेली मासळी खाली येईल.

एकदा "उतरलं" म्हणायच्या आधी
तो नुसता श्वास घेत राहिला.
आत माझा मुलगा होता, बाहेर उत्तरेचा वारा.
ते चार सेकंद कुठल्याही तक्त्यात नाहीत.

मार्चमधल्या शुक्रवारी त्याचा शेवटचा दिवस.
सोमवारपासून पडद्यावरची चौकट
आपोआप हिरवी होणार होती.
मी रजा टाकली, तिकीट काढलं, खिडकीची जागा.
आणि धुकं.
रजेवर असून माइकवर मीच सांगितलं,
विमान रद्द, गैरसोयीबद्दल क्षमस्व,
आणि स्वतःचेच पैसे स्वतःला परत केले.

गाडी काढली. फ्योर्डला वळसा,
एकशे सत्तर किलोमीटर आणि वर काही.
वारांगरबोत्नला रेनडिअर रस्ता अडवून उभे,
हॉर्नला न जुमानता, जसे काही माझेच सासरे.
एका वळणावर धुकं फाटलं तेव्हा
पाण्यापलीकडे माझं गाव दिसलं,
अंगठ्याच्या नखाखाली झाकेल एवढं.
गाडी थांबवून अंगठा धरून पाहिलाही.

वाटभर मनात भाषण जुळवत होते.
नाइडेनच्या पुलापर्यंत त्यातला अर्धा भाग
मलाच पटेनासा झाला.

आवाजावरून मी त्याला उंच केला होता, दाढी दिली होती.
काउंटरमागे बुटका, गुळगुळीत माणूस,
अर्धा कापलेला केक, दोन टॅक्सीवाले,
आणि दिवसभर न वाजलेला फोन, त्याच्या कोपराशी.
"आज विमानं बंद आहेत, बाई."

भाषण गेलं कुठल्या कुठे.
म्हटलं, "उतरलं."

त्यानं आधी घड्याळ पाहिलं.
मग मला.
उजवा कान प्रॉपेलरांनी खाल्लेला;
डावा पुढे करून, पेन शोधत म्हणाला,
"परत सांग. नोंद करायचीय."