तिसरा हीटर

कोंढाळीच्या अलीकडे, पहाटेचे पाच.
संत्र्याची पिकअप खोकते, धरत नाही.
स्टेअरिंगखाली स्कॅनर खोचला:
पी शून्य सहा सात तीन.
तिसरा हीटर, सर्किट तुटलेलं.

"मंग बदलून टाक ना," डोमाजी म्हणे.
मशीन सर्किट म्हणते, भाऊ.
हीटर मेला, असं नाई म्हणत.

काढून मीटर लावला. एक ओहम. जिता हाय.
वायर चाचपत बोटं मागे गेली
अन् ब्रॅकेटच्या आड लागला कापूस,
दोन सरक्या, कुरतडलेलं तांबं,
चार उघडी पिल्लं.
अख्ख्या इंजिनात तेवढंच कोमट.

जोड दिला, टेप मारली, कोड पुसला.
चावी फिरवली; पिवळा दिवा लागला.
"मार सेल्फ!"
थांब, विझू दे.

डोमाजीच्या टोपीत
काहीतरी हललं.